शंभर पक्षी आणि एक बुटका घोडा

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात न्यू बर्लिन नावाचं छोटं गाव आहे. १९९१ साली तिथल्या चेस मेमोरियल नर्सिंग होममध्ये बिल थॉमस हा तरुण डॉक्टर रुजू झाला. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे लहान रुग्णालय. तिकडे मात्र ज्यांना घरी सांभाळणं शक्य उरलेलं नाही अशा परावलंबी वृद्धांची ती कायमची राहण्याची जागा असते. चेसमध्ये असे ८० जण होते. त्यांतल्या निम्म्यांना शारीरिक अपंगत्व होतं आणि पाचांतल्या चौघांना अल्झायमर किंवा तसाच एखादा विस्मृतीचा आजार होता. औषधं वेळेवर मिळत, चादरी स्वच्छ असत, जेवणाची वेळ चुकत नसे. तरी थॉमसला तिथे चैन पडेना. त्यानं सगळ्यांच्या तपासण्या केल्या, औषधं बदलून पाहिली, पण फरक पडला नाही. शेवटी त्यानं तीन दुखणी शोधून काढली: एकटेपणा, कंटाळा आणि असहायता. या तिन्हींवर दुकानात गोळी मिळत नाही.

मग त्यानं जे केलं ते आजही धाडसाचं वाटतं. दोन कुत्रे, चार मांजरी, ससे, अंडी देणाऱ्या कोंबड्या आणि शंभर छोटे पोपट त्यानं त्या इमारतीत आणले. खोल्याखोल्यांत झाडं ठेवली, मागे भाजीचा आणि फुलांचा वाफा केला, कर्मचाऱ्यांच्या मुलांना शाळा सुटल्यावर तिथेच येऊ दिलं. पोपट आले त्या दिवशी पिंजरे पोहोचलेच नव्हते. पक्षी आणणाऱ्यानं ते सगळे केस कापायच्या खोलीत सोडले आणि दार लावून तो निघून गेला. पिंजरे आले तेही सुटे. ते जोडताना डॉक्टर, नर्स, कर्मचारी सगळ्यांची त्रेधा उडाली आणि काचेपलीकडून पाहणारी म्हातारी मंडळी पोट धरून हसली.

पुढे प्रत्येक पोपटाला कुणीतरी आपलं म्हटलं, नाव ठेवलं. जे चालू शकत नाहीत असा कर्मचाऱ्यांचा समज होता, ते नर्सच्या टेबलापाशी येऊन म्हणू लागले, ‘कुत्र्याला फिरवून आणतो.’ दोन वर्षं दुसऱ्या एका नर्सिंग होमशी तुलना करून नोंदी ठेवल्या गेल्या. चेसमध्ये माणशी लागणारी औषधं तिथल्या निम्म्यावर आली, औषधांचा खर्च ३८ टक्क्यांवर उतरला, मृत्यू १५ टक्क्यांनी कमी झाले. एका संस्थेतल्या आकड्यांवर फार मोठे निष्कर्ष उभारू नयेत. पण चिडचिड आणि भ्रम दाबण्यासाठी द्यायची औषधं सर्वांत जास्त घटली, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. सकाळी उठून पोपटाला दाणे घालायचे आहेत हे माहीत असलेला माणूस कमी चिडतो, हे समजायला वैद्यकाची पदवी लागत नाही.

त्याआधी १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी कनेक्टिकटमधल्या आर्डन हाउस या नर्सिंग होममध्ये एक साधा प्रयोग केला होता. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं: खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, सिनेमा कोणत्या रात्री पाहायचा ते तुम्ही ठरवा, यांतलं एक रोप निवडा आणि त्याला पाणी तुम्हीच घाला. दुसऱ्या मजल्यावरही रोप दिलं आणि सिनेमाही दाखवला, पण सांगितलं, की काळजी करू नका, सगळं आम्ही बघू. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरचे बहुतेक जण अधिक उत्साही, अधिक मिसळणारे झाले. दुसऱ्या मजल्यावरचे बहुतेक अधिक खचले. दीड वर्षानं मृत्यूंचं प्रमाणही पहिल्या गटात कमी दिसलं, पण माणसं थोडी होती, त्यामुळे त्या आकड्यावर मी भर देणार नाही. ‘सगळं आम्ही बघू’ हे वाक्य मात्र प्रत्येक केअर सेंटरच्या माहितीपत्रकात मायेनं छापलेलं असतं, आणि तिथेच माझी हरकत आहे.

थॉमसची ही हकिकत जगभर पोहोचली ती डॉ. अतुल गावंडे यांच्या २०१४ च्या ‘बीइंग मॉर्टल’ या पुस्तकामुळे. गावंडे अमेरिकेत वाढलेले शल्यविशारद. त्यांचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. त्याच पुस्तकात त्यांनी आपल्या आजोबांबद्दल, सीताराम गावंडे यांच्याबद्दल लिहिलं आहे. आजोबा शंभरी ओलांडून पुढे दशकभर जगले. रोज झोपण्यापूर्वी घोड्यावरून शेताला चक्कर मारायचा त्यांचा शिरस्ता होता. शरीर थकलं, तेव्हा घरच्यांनी घोडा सोडायला लावला नाही. त्यांनी एक बुटका घोडा आणला आणि सोबत कुणीतरी तरुण माणूस दिला. वर्षानुवर्षं केलेलं काम अखेरपर्यंत त्यांच्या हातात राहिलं. शुश्रूषा केंद्रातल्या कार्यक्रमांविषयी इतका नेमका धडा मला दुसऱ्या कुठल्या ग्रंथात सापडलेला नाही.

महाराष्ट्राला वृद्धाश्रम नवा नाही. पुण्यात नवी पेठेतली ‘निवारा’ ही संस्था डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६० च्या दशकात उभी राहिली. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र चित्र बदललं. अंथरुणाला खिळलेल्या, स्मृतिभ्रंश झालेल्या, नळीनं जेवणाऱ्या रुग्णांना ठेवून घेणारी केअर सेंटर्स पुणे, मुंबई, ठाणे, नाशिकच्या सोसायट्यांमध्ये आणि बंगल्यांत उघडली. मुलं परदेशी, सून-मुलगा दोघं नोकरीत, आईची मांडी मोडलेली. या कुटुंबांना कुणी दोष देऊ नये. पण तिथला दिवस कसा जातो? सकाळी अंग पुसणं, डायपर, नाश्ता, गोळ्या, मग टीव्हीसमोर ओळीनं लावलेल्या व्हीलचेअर. दुपारी झोप. संध्याकाळी पुन्हा टीव्ही.

आणि मग दिवाळी येते. एखाद्या कॉलेजचा किंवा कंपनीचा गट येतो, फराळाचे पुडे आणि फळं वाटतो, फोटो काढतो, तासाभरात निघतो. या लोकांचा हेतू चांगलाच असतो. पण आजी-आजोबांनी त्यात करायचं काय, तर हात पुढे करायचा. वर्षभर घेतच आलेल्या माणसाला त्या दिवशीही कुणी काही मागत नाही.

आपल्याकडची कामं आपल्याच घरांत पडून आहेत. वाती वळणं, मेथी निवडणं, शेंगा सोलणं, धुतलेल्या रुमालांच्या घड्या घालणं. ज्या बाईला मुलाचं नाव आठवत नाही, तिची बोटं फुलवात अचूक वळतात, कारण हातांच्या सवयी मेंदूत निराळ्या ठिकाणी साठतात आणि नावांपेक्षा कितीतरी उशिरा पुसल्या जातात. मात्र त्या वाती खरोखर देवापुढे लागल्या पाहिजेत, ती मेथी खरोखर दुपारच्या जेवणात आली पाहिजे. निवडलेली भाजी पाठ फिरताच पुन्हा एकत्र करून उद्या तीच पुढे ठेवणं म्हणजे त्या माणसाची फसवणूक आहे. निवृत्त मुख्याध्यापकांपुढे बालवाडीचं रंगवायचं पुस्तक ठेवणं हाही तसाच अपमान. त्यांना पेपर मोठ्यानं वाचायला सांगा. बाकीचे ऐकतील, वाद घालतील. वाद होणं ही उत्तम खूण आहे.

संध्याकाळचा हरिपाठ, खुर्च्यांवर बसून हत्तीच्या चित्राभोवतीचा भोंडला, पत्ते, हाउजी, क्रिकेटचा सामना, जुनी गाणी हे सगळं चालतं. गाण्याचा परिणाम तर थक्क करणारा असतो. बोलणं थांबलेली माणसंही अख्खं कडवं म्हणतात. फक्त गाणी त्यांच्या विशीतली हवीत, मॅनेजरच्या नव्हेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. या केंद्रांतल्या बहुसंख्य स्त्रियांचे पती आधीच गेलेले असतात. सवाष्णींपुरता कार्यक्रम ठेवला, तर निम्म्याहून अधिक जणी आपल्याच घरात परक्या होतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एक गाव ते करू शकतं, तर वीस खाटांच्या केंद्राला काय अडचण आहे? सगळ्यांना कुंकू, सगळ्यांना वाण.

रोजचं जगणं रहिवाशांच्या हाती ठेवायच्या या विचारातून नेदरलँड्समध्ये अख्खी वस्ती उभी राहिली. अॅमस्टरडॅमजवळच्या वेस्पमधलं ‘हॉगवेक’ २००९ मध्ये सुरू झालं. तिथे फक्त तीव्र स्मृतिभ्रंशाचे रुग्ण राहतात. सुरुवातीला २३ घरं होती आणि एकेका घरात सहा-सात जण. घरांची वाटणी आजारावरून झाली नाही, आधीच्या राहणीवरून झाली. कारागिरांचं घर वेगळं, संगीत-नाटकात रमणाऱ्यांचं वेगळं, इंडोनेशियात आयुष्य गेलेल्यांचं वेगळं. स्वयंपाक घरातच होतो, सामान वस्तीतल्याच दुकानातून आणलं जातं, आणि त्या खरेदीला रहिवासी बरोबर जातात. डेव्हेंटर गावातल्या ‘ह्युमॅनिटास’ या वृद्धनिवासात विद्यार्थ्यांना विनाभाडं खोली मिळते. त्या बदल्यात त्यांनी महिन्याला तीस तास चांगला शेजारी म्हणून वागायचं. पुण्यासारख्या शहरात, जिथे खोलीभाड्यानं विद्यार्थी मेटाकुटीला येतात, तिथे हा प्रयोग अजून का रुजला नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

जे काहीच करू शकत नाहीत, डोळेही क्वचित उघडतात, त्यांचं काय? जॉइस सिमार्ड या अमेरिकी समाजसेविकेनं २००३ पासून त्यांच्यासाठी एक पद्धत विकसित केली आणि तिला ‘नमस्ते केअर’ असं नाव दिलं. शांत खोली, मंद संगीत, ओळखीचा वास, हातापायांना हलक्या हातानं तेल, घोटघोट पेय, आणि हे सगळं घाई न करता, रोज. आपल्याला तर हे शिकायलाही नको. खोबरेल, उटणं, सोनचाफा, नावानं मारलेली हाक. दिवाळीच्या पहाटेचं अभ्यंग अंथरुणावरच्या माणसालाही घालता येतं. एक मावशी, एक वाटी कोमट तेल आणि अर्धा तास लागतो.

तो अर्धा तास मावशींकडे नसतो, ही खरी अडचण. बहुतेक ठिकाणी मावशी आणि ब्रदर बारा-बारा तासांच्या ड्यूटीवर असतात, पगार तुटपुंजा, एकेकाकडे सात-आठ पेशंट. ‘अॅक्टिव्हिटी’साठी वेगळा माणूस नेमणं हा खर्च वायफळ मानला जातो. कायद्याचा आधारही तोकडा आहे. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानं नर्सिंग होममधल्या रहिवाशांना स्वतःची परिषद भरवून गाऱ्हाणी मांडण्याचा हक्क दिला. आपल्या २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात निराधारांसाठी जिल्ह्यागणिक वृद्धाश्रमाची तरतूद आहे, तिथल्या वैद्यकीय सेवेचा आणि करमणुकीच्या साधनांचा उल्लेख आहे. रहिवाशांना विचारून कारभार करा, असं कुठे म्हटलेलं नाही. पण महिन्यातून एकदा सगळ्यांना गोल बसवून ‘पुढच्या आठवड्यात जेवायला काय करायचं?’ एवढं विचारायला कायदा लागत नाही.

तुमचं कुणी अशा केंद्रात असेल, तर माणसाची दोन पानी हकिकत लिहून तिथल्या सिस्टरकडे द्या: गाव, काम, आवडती गाणी, चहात साखर किती, कशाची भीती वाटते, कोणत्या नावानं हाक मारली की वळून बघतात. जागा निवडत असाल, तर फरशी किती चकचकीत आहे ते नंतर पाहा. आधी सकाळी अकराला न सांगता जा आणि किती जणांच्या हातात काही काम आहे ते मोजा. स्मृतिभ्रंशाच्या बऱ्याच रुग्णांची तगमग संध्याकाळी वाढते, म्हणून गटानं जायचं तर सकाळीच जा. चकली-चिवडा देण्यापूर्वी सिस्टरला विचारा. गिळायचा त्रास असलेल्याच्या घशात तो अडकू शकतो. फटाके दूर ठेवा. आणि यंदा फराळाचे पुडे नेण्याऐवजी करंजीचं सारण आणि पिठाचा गोळा न्या, आजींना करंज्या भरायला सांगा, त्या घरी आणा आणि खा. मग तुळशीचं लग्न लागून गेल्यावर, जेव्हा तिथे कुणीही येत नाही अशा एखाद्या मंगळवारी पुन्हा जा.