बियाण्याची परीक्षा मुलांच्या हाती

मे महिना निम्मा सरला की आपल्या डहाणू-तलासरी भागात भाताच्या बियाण्याची कणगी उघडते. कामाला बाहेर गेलेली कुटुंबे पाड्यावर परतत असतात आणि मुलांना सुट्टी असते. विज्ञानाच्या प्रयोगांना हे दिवस फार चांगले. प्रयोग म्हटले की काचेच्या नळ्या आणि शाळेतले कुलूपबंद कपाट डोळ्यांपुढे येते; पण हा समज आपल्याच तालुक्यात कधीच खोटा ठरला आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरी पद्धतीची महाग साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, पाने, माती यांतून साधने घडविली. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेली. त्या मानाने आपल्याला फक्त ओसरीवर बसायचे आहे.

पेलाभर पाणी घ्या व त्यात ताजे अंडे सोडा. ते बुडेल. अंडे खात नसाल तर बटाट्याची फोड चालेल. आता चमचा-चमचा मीठ घालून ढवळत राहा. अंडे हळूहळू वर येईल. मिठाने पाणी जड झाले आणि जड पाण्याने अंड्याला उचलले, हे मुलाला त्याच्याच तोंडून सांगू द्या. आपण घाई करू नये.

हेच ज्ञान बियाण्याला लावायचे. मात्र अंडे तरंगणारे पाणी बियाण्याला फार खारट होते. आपल्याकडची शिफारस १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मिठाची आहे. त्यात भात ओतून ढवळले की पोचट, हलके दाणे वर येतात. ते काढून टाकावेत. तळाचे दाणे दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावेत.

पण तळाशी गेलेला प्रत्येक दाणा उगवेलच असे नाही. ओल लागलेला, कोंब मेलेला दाणाही जडच असतो. म्हणून दुसरी परीक्षा हवी, आणि ती पेरणीच्या दहा-बारा दिवस आधीच हवी. कणगीच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ भात घेऊन ते मीठपाण्यातून काढा. तळाशी बसलेल्यांतून न निवडता १०० दाणे मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवा व रोज पाणी शिंपडा. आठव्या दिवशी मूळ आणि कोंब दोन्ही नीट आलेले दाणे मुलाने मोजावेत.

८० किंवा अधिक आले तर निश्चिंत पेरा. तलासरीकडच्या एका पाड्यावर पाचवीतल्या मुलीने मोजले ते ६१ भरले. आजीला पटेना, दाणा तर पिवळाधमक होता. मुलीने पुन्हा १०० दाणे मांडले, तेव्हा ५८ आले. आईने शेजारच्या घरातून भात बदलून आणला. हेच जूनमध्ये राब पेरल्यावर कळले असते, तर रोप विरळ, लावणी लांबलेली आणि नवे बियाणे उधारीवर घ्यावे लागले असते.

पहिला पाऊस येईपर्यंत आणखी एक गंमत. दोन पत्रे तिरके ठेवून दोन्हींवर सारखी माती पसरा, एकीवर वाळका पाला अंथरा आणि दोन्हींवर तांब्याभर पाणी ओता. खाली येणारे पाणी वाटीत धरा. कोणती वाटी गढूळ ते पाहून मूल उतारावरच्या बांधाविषयी आपणच विचारू लागेल.

एक गोष्ट घरातल्या मोठ्यांनी सांभाळावी. दुकानातून आणलेले रंगीत, औषध लावलेले बियाणे मुलांच्या हाती देऊ नये. प्रयोग घरच्या भाताचाच करावा. मीठपाण्यावर आलेले घरचे पोचट भात धुऊन कोंबड्यांना घालता येते, औषध लावलेले कधीही नाही. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा किंवा बाटली कितीही धुतली तरी प्रयोगाला घेऊ नये. पेला, वाटी आणि गोणपाट एवढ्यावर सगळे होते.