अखंड ठेक्याची कला

नृत्यगृहांत रात्रभर चालणाऱ्या ‘हाउस’ संगीताविषयीं पुष्कळांचा ग्रह असा असतो कीं, तबकड्या लावणारा मनुष्य नुसता कळा फिरवितो आणि गोंगाट होतो. या संगीताचें जन्मस्थान अमेरिकेंतील शिकागो शहर. तेथील हकीकत पाहिली म्हणजे हा ग्रह टिकत नाहीं.

शिकागोंत १९७७ सालीं ‘वेअरहाउस’ नांवाचा क्लब निघाला व तबकड्या वाजविण्यासाठीं न्यूयॉर्कहून फ्रँकी नक्ल्स या तरुणास बोलावण्यांत आलें. तेथें जमणारा समाज बहुतांशीं कृष्णवर्णीय व लॅटिन वंशाचा, आणि त्यांतही समलिंगी लोकांचा होता. इतरत्र त्यांचें स्वागत होत नसे. ज्या डिस्को संगीतावर ते नाचत, त्याच्या तबकड्या १२ जुलै १९७९ रोजीं त्याच शहरांत, कॉमिस्की पार्क या क्रीडांगणावर, हजारों प्रेक्षकांसमक्ष स्फोटानें उडविण्यांत आल्या. डिस्कोचा बाजार बसला. वेअरहाउसमधील नाच मात्र थांबला नाहीं. नक्ल्स यांनीं गाण्यांचे तुकडे फितीवर जोडून तीं लांबविलीं, पुढें विजेच्या ठेका-यंत्राची जोड दिली. क्लबाच्या नांवावरूनच ‘हाउस’ हें नांव पडलें, असें मानतात.

या संगीताचा ठेका मिनिटास साधारण १२० ते १३० मात्रांचा असतो. तो तुटूं न देणें हीच वादकाची पहिली कसोटी. समजा, एक तबकडी १२० मात्रांच्या लयींत वाजत आहे व दुसरी मूळची १२४ मात्रांची आहे. दुसरी कानाला लावलेल्या श्रवणयंत्रांतून एकट्यानेंच ऐकत तो तिची गति शेंकडा तीनहून किंचित् अधिक कमी करतो. लय जुळली तरी काम संपत नाहीं. गवई समेवर येतो त्याप्रमाणें नवें गाणें योग्य आवर्तनाच्या आरंभींच आलें पाहिजे. शिवाय दोहोंचे खर्ज-ठोके एकत्र घुमल्यास गढूळपणा येतो, म्हणून एकाचा खर्ज उतरवीत दुसऱ्याचा चढवावा लागतो.

आपल्या त्रितालांत खालीच्या जागीं बायाचा घुमारा काढून घेतात. त्यामुळें सम अधिक खुलते. हाउसच्या ठेक्यांत अशी खाली नाहीं. चारही मात्रांवर सारखाच जड ठोका पडतो. म्हणून वादक ती स्वतः निर्माण करतो. नाचणाऱ्यांचा रंग पाहून तो कांहीं क्षण खर्ज अजिबात काढून घेतो. पाय अधांतरीं राहिल्यासारखे होतात, आणि ठोका परत येतांच सारी सभा एकदम उसळते. हा क्षण केव्हां साधावा, हें कोणतेंही यंत्र शिकवीत नाहीं.

नक्ल्स २०१४ सालीं निवर्तले. वेअरहाउसच्या इमारतीस २०२३ सालीं शिकागो शहरानें संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. ज्या शहरांत या लोकांच्या तबकड्या फोडण्यांत आल्या, त्याच शहराला त्यांचें नृत्यगृह आपला वारसा म्हणून जपावेंसें वाटलें.