महाविद्यालयीन प्राध्यापकांमधील बर्नआउट : स्वरूप, प्रतिबंध व उपचार

बीजशब्द : बर्नआउट, भावनिक थकवा, विरक्ती, कार्यभार, मानसिक आरोग्य, उच्च शिक्षण

प्रस्तावना

अध्यापनातील थकवा हा काही नवा अनुभव नव्हे. सलग चार तासिका घेतल्यावर घसा बसतो, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासून डोळे दुखतात. परंतु रात्रीची झोप किंवा दिवाळीची सुटी मिळाली की हा थकवा उतरतो. काही प्राध्यापकांचा थकवा मात्र सुटीनेही उतरत नाही. पहिल्याच दिवशी महाविद्यालयाच्या फाटकाशी पाय जड होतात, वर्गातील चेहरे परके वाटू लागतात आणि आपल्या शिकविण्याने कोणाचे काही भले होते, यावरचा विश्वास उडतो. या अवस्थेला मानसशास्त्रात 'बर्नआउट' असे म्हणतात. दिव्यातील तेल संपल्यावर वातच जळू लागते. तसेच काहीसे येथे घडते. बर्नआउटचे स्वरूप स्पष्ट करणे आणि त्याच्या प्रतिबंधाचा व उपचाराचा महाविद्यालयाच्या संदर्भात विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पनेचा उगम व विकास

न्यूयॉर्क येथील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखातून ही संज्ञा अभ्यासविषय झाली. गरजूंसाठी चालविल्या जाणाऱ्या मोफत दवाखान्यात ते काम करीत असत. तेथे सर्वाधिक निष्ठेने राबणारे कार्यकर्तेच काही काळाने खचून जातात, चिडचिडे व उदासीन होतात, असे त्यांनी नोंदविले. येथे एक बाब लक्षात घ्यावी लागते : बर्नआउट हा कामचुकारपणाचा परिणाम नव्हे. ज्याने कामात जीव ओतला, त्यालाच त्याचा धोका अधिक संभवतो.

पुढे क्रिस्टिना मास्लाक व सुसान जॅक्सन यांनी 1981 मध्ये बर्नआउट मोजण्यासाठी मापनश्रेणी प्रसिद्ध केली. त्यात तीन घटक मानले आहेत. पहिला घटक भावनिक थकव्याचा. देण्यासारखे आत काही उरलेले नाही, अशी ही जाणीव असते. दुसरा घटक विरक्तीचा, म्हणजे ज्यांच्यासाठी काम करावयाचे त्यांच्याविषयी येणाऱ्या कोरडेपणाचा. तिसरा घटक कर्तृत्वभाव ओसरण्याचा. 'आपल्या हातून काही होत नाही' ही भावना त्यात येते.

जागतिक आरोग्य संघटनेने मे 2019 मध्ये स्वीकारलेल्या व 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद 'व्यावसायिक घटना' म्हणून आहे, आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन व यशस्वीपणे हाताळल्या न गेलेल्या ताणातून ही अवस्था निर्माण होते, असे तेथे म्हटले आहे. हा ताण कोणी हाताळावयाचा होता, हे त्या व्याख्येत सांगितलेले नाही. आपल्याकडे मात्र ती जबाबदारी संबंधित प्राध्यापकाची, असे गृहीत धरले जाते. बर्नआउटविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ या गृहीतकात आहे.

लक्षणे आणि त्यांचे चुकीचे वाचन

तिन्ही घटकांपैकी थकवा सर्वांना दिसतो. विरक्ती मात्र सहसा ओळखली जात नाही. पूर्वी विद्यार्थ्यांना नावाने हाक मारणारा प्राध्यापक हजेरीक्रमांकावर येतो. शंका विचारणारा विद्यार्थी त्याला अडथळा वाटतो. तो जुन्याच टिपणांतून शिकवितो, प्राध्यापक कक्षात बसण्याचे टाळतो, आणि 'यांना शिकवून काय उपयोग' हे वाक्य त्याच्या तोंडी वारंवार येऊ लागते. सहकारी याला अनुभवातून आलेले शहाणपण समजतात, तर प्रशासन कोडगेपणा समजते. प्रत्यक्षात उरलीसुरली शक्ती वाचविण्यासाठी मनाने घेतलेला तो बचावाचा पवित्रा असतो. त्याची किंमत मात्र ज्यांना घरी मार्गदर्शन मिळण्याची शक्यता नाही, अशा पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना सर्वाधिक मोजावी लागते.

बर्नआउट, ताण व नैराश्य यांत भेद करणेही आवश्यक आहे. ताणात मागण्या अधिक असतात, परंतु त्या पूर्ण झाल्या की सुटकेची आशा असते. बर्नआउटमध्ये ती आशाच मावळते. नैराश्य केवळ कामापुरते मर्यादित राहत नाही. घर, छंद, नातीगोती यांतील रसही आटतो. तथापि, या दोहोंची लक्षणे बऱ्याच अंशी सारखी असून त्यांतील सीमारेषेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. म्हणून स्वतःच निदान करून थांबणे धोक्याचे ठरते.

महाविद्यालयातील कारणमीमांसा

मास्लाक व मायकेल लायटर यांनी व्यक्ती आणि काम यांच्यातील विसंगती सहा क्षेत्रांत पाहिली आहे : कार्यभार, नियंत्रण, मोबदला, समूहभाव, न्याय्यता व मूल्ये. आपल्या महाविद्यालयांना ही मांडणी चपखल लागू पडते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत सहायक प्राध्यापकासाठी आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन आणि एकूण किमान 40 तासांचा कार्यभार ठरविण्यात आला. कागदावर हे प्रमाण समतोल वाटते. परंतु मूल्यांकनासाठीचे अहवाल, पदोन्नतीसाठीचे गुणांकन, प्रवेशासाठी गावोगाव जाणे, अंतर्गत परीक्षा, विविध समित्या आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरची अभ्यासक्रमांची पुनर्रचना ही कामे एकमेकांवर चढत जातात. नवे काम येते तेव्हा जुने काम कमी होत नाही. परिणामी उरलेल्या वेळात शिकवावे लागते.

नियंत्रणाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. उद्या सकाळी अकरापर्यंत माहिती सादर करावी, असा संदेश रात्री दहा वाजता भ्रमणध्वनीवर येतो. तेव्हा कामाच्या प्रमाणापेक्षा आपला वेळ आपला नसल्याची जाणीव अधिक थकविते. मोबदल्यात वेतनाबरोबर दखलही येते. परिश्रमपूर्वक तयार केलेला अहवाल वेळेत गेला तर कोणी काही बोलत नाही. एक तक्ता राहिला तर मात्र बैठकीत नाव निघते. अशा वातावरणात समूहभाव टिकत नाही आणि प्राध्यापक कक्षातील संवाद कुजबुजीवर येतो.

न्याय्यतेचा सर्वांत बोचरा प्रश्न तासिका तत्त्वावरील अध्यापकांचा आहे. पात्रता तीच, वर्ग तोच, अभ्यासक्रम तोच. परंतु मानधन घेतलेल्या तासिकांचे, तेही अनेकदा विलंबाने, आणि पुढील वर्षी काम मिळेल याची शाश्वती नाही. या अध्यापकाला थकल्याचे बोलून दाखविण्याचीही सोय नसते, कारण नेमणुकीचा निर्णय ज्यांच्या हाती, त्यांच्याकडेच तक्रार करावयाची असते. शेवटी मूल्यांचा मुद्दा. विद्यार्थी घडविण्यासाठी या व्यवसायात आलेल्या व्यक्तीला झालेल्या कामापेक्षा त्याच्या छायाचित्राला व प्रमाणपत्राला अधिक महत्त्व आहे असे दिसू लागले, की तिच्या कष्टांमागचा अर्थच हरपतो.

प्रतिबंध

अनेक ठिकाणी यावर तणावमुक्तीची एकदिवसीय कार्यशाळा योजली जाते. योग, ध्यान व श्वसनाचे व्यायाम निश्चितच उपयुक्त आहेत. परंतु कार्यशाळेला सक्तीची उपस्थिती आणि तिचाही अहवाल मागितला गेला, तर तो कामाचाच आणखी एक भाग होतो. डॉक्टरांमधील बर्नआउट कमी करण्याच्या उपायांचे 2017 मध्ये जे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात केवळ व्यक्तीवर केंद्रित उपायांपेक्षा कामाच्या व्यवस्थेत केलेल्या बदलांचा परिणाम अधिक आढळला. हा निष्कर्ष महाविद्यालयांनीही लक्षात घेण्याजोगा आहे.

संस्थेच्या पातळीवर पुढील उपाय फारशा खर्चाविना शक्य आहेत :

1. सत्रारंभी प्रत्येकाकडील अध्यापनेतर कामांचा एकत्रित तक्ता तयार करून सर्वांसमोर ठेवावा. नवे काम देताना कोणते काम कमी केले, याची त्यातच नोंद करावी.

2. एकच माहिती निरनिराळ्या नमुन्यांत पुन्हा पुन्हा मागविण्याऐवजी ती वर्षभर एकाच ठिकाणी नोंदविण्याची व्यवस्था अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाने करावी.

3. कार्यालयीन वेळेनंतर संदेश पाठविण्यास मर्यादा असावी. तातडीचे काम व विसरलेले काम यांत फरक करावा.

4. तासिका तत्त्वावरील अध्यापकांची देयके वेळेत पाठवावीत, बैठकांत त्यांना स्थान द्यावे आणि मानधनाबाहेरची कामे त्यांच्यावर लादू नयेत.

5. नवोदित अध्यापकास पहिली दोन वर्षे एका ज्येष्ठ सहकाऱ्याची सोबत मिळावी. ही सोबत मूल्यमापनासाठी नसावी.

व्यक्तिगत पातळीवर पुरेशी झोप, नियमित चालणे, घरी कामाविना जाणारा ठरावीक वेळ आणि महाविद्यालयाबाहेरचा एखादा स्नेहसमूह यांचे महत्त्व आहेच. त्याखेरीज, ज्यासाठी आपण या व्यवसायात आलो ते काम, मग ते वाचन असो, प्रयोग असो किंवा एखाद्या विद्यार्थ्याशी निवांत बोलणे असो, आठवड्यातून काही तास तरी राखून ठेवावे. केवळ सुटीवर विसंबून राहता येत नाही. कामाची परिस्थिती तीच राहिली तर सुटीचा लाभ काही आठवड्यांत ओसरतो.

उपचार

बर्नआउटची चिन्हे दिसल्यास प्रथम वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, मधुमेह व झोपेतील श्वसनाचे दोष यांमुळेही सततचा थकवा येऊ शकतो. बहुतेक वेळ उदास वाटणे किंवा कशातही रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. नैराश्य आढळल्यास औषधे व मानसोपचार दोन्ही उपलब्ध आहेत. विचारांची व वर्तनाची घडी बदलण्यावर भर देणारी बोधनिक वर्तनोपचार पद्धती थकवा व चिंता कमी करण्यास उपयोगी पडते. मनात आत्महत्येचे विचार येत असतील तर विलंब न करता मदत मागावी. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेच्या 14416 या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते.

महाविद्यालयातील मानसशास्त्राच्या सहकाऱ्यावर समुपदेशनाची जबाबदारी टाकणे उचित नव्हे. सहकारी आणि समुपदेशक ही नाती एकत्र नांदत नाहीत. उपचारांची गोपनीयता हा 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे, तो संस्थेने जपावा. रजेवरून परतलेल्या प्राध्यापकावर साचलेली सर्व कामे पहिल्याच आठवड्यात सोपविल्यास उपचार निष्फळ ठरतात. काम टप्प्याटप्प्याने वाढवावे आणि ज्या कारणाने तो खचला, त्यापैकी किमान एक कारण त्याच्या परतण्यापूर्वी दूर करावे.

समारोप

बर्नआउट हा मनाचा दुबळेपणा नव्हे, तर काम आणि काम करणारी व्यक्ती यांच्यातील बिघडलेल्या संबंधाची खूण होय. उपचार व्यक्तीवर करावे लागतात, प्रतिबंध मात्र व्यवस्थेतच करावा लागतो. एखादा तळमळीचा प्राध्यापक अबोल होऊ लागला, तर 'हल्ली तुमचे लक्ष नसते' असे त्याला सुनावण्यापूर्वी त्याच्यावर किती कामे सोपविली आहेत, हे प्राचार्यांनी, विभागप्रमुखांनी व सहकाऱ्यांनी एकदा मोजून पाहावे. वात जळू लागल्याचे वेळीच ध्यानात आले, तर तेल घालता येते.