आजोबा किती दूर जातात?

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठी सायखेडा हे गाव आहे. भोवती कांदा, द्राक्षे आणि ऊस. समजा, या गावात सत्तरी ओलांडलेले एक आजोबा राहतात. सकाळी काठी घेऊन ते नदीकडे जातात, परतताना पारावर घटकाभर टेकतात, हॉटेलात चहा घेतात, कांद्याला काय भाव निघाला याची चौकशी करतात आणि ऊन चढायच्या आत घरी येतात. यात विज्ञान कुठे आले, असे तुम्ही विचाराल. या फेरीचा संबंध आजोबांच्या पायांशी जेवढा आहे, तेवढाच त्यांच्या मेंदूशीही आहे.

मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानांच्या आत खोलवर, एकेक लहानसा वळलेला भाग असतो. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा दिसतो, म्हणून त्याचे नाव हिप्पोकॅम्पस. नव्या आठवणी पक्क्या करण्याचे काम मुख्यतः इथे चालते. १९७१ मध्ये लंडनला जॉन ओकीफ यांना उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये मोठ्या मजेदार पेशी आढळल्या. उंदीर एका ठरावीक जागी आला की एक पेशी जागी होई, दुसऱ्या जागी गेला की दुसरी. जणू मेंदूत परिसराचा नकाशाच! पुढे २००५ मध्ये नॉर्वेतील मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी शेजारच्याच भागात अंतर आणि दिशा यांचा हिशेब ठेवणाऱ्या पेशी शोधल्या. या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या रोगाचे पहिले घाव बहुधा याच परिसरात पडतात. म्हणून एखादे वृद्ध माणूस जन्मभराच्या ओळखीच्या रस्त्यावर चुकू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावे.

हा भाग वापराने बदलतो काय? लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवले, की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. आता टॅक्सीचालक कुठे आणि आपले आजोबा कुठे, ही शंका रास्त आहे. म्हणून दुसरा प्रयोग पाहू. अमेरिकेत १२० वृद्धांचे दोन गट केले. एका गटाने आठवड्यातून तीन दिवस, वाढवत वाढवत ४० मिनिटांपर्यंत, भरभर चालायचे. दुसऱ्याने फक्त अंग ताणण्याचे व्यायाम करायचे. वर्षाअखेर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला होता, दुसऱ्या गटाचा सुमारे १.४ टक्के घटला होता. हे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. उतारवयात हा भाग दरसाल १ ते २ टक्के आक्रसतो, हे लक्षात घेतले म्हणजे ते २ टक्के किती मोलाचे हे कळते.

पण माणूस काही फक्त चालत नाही, तो कुठेतरी जातो. त्याच वर्षी शिकागोतील संशोधकांनी १,२९४ वृद्धांची पाहणी प्रसिद्ध केली. सरासरी चार वर्षांहून थोडा अधिक काळ त्यांनी या मंडळींवर लक्ष ठेवले होते. गावाबाहेरपर्यंत ये-जा असणाऱ्यांच्या तुलनेत, ज्यांचा वावर घरापुरताच उरला होता त्यांना अल्झायमर होण्याचा संभव जवळजवळ दुप्पट दिसला. अंगातली ताकद, उदासीनता, मित्रमंडळी यांचा हिशेब धरूनही संबंध टिकून राहिला.

इथे सावध राहायला हवे. घरी बसल्याने स्मृती गेली, की स्मृती जाऊ लागली म्हणून माणूस घरी बसले? नुसत्या पाहणीवरून याचा निकाल लागत नाही. कदाचित दोन्ही गोष्टी एकमेकींना ओढत असतील.

आणि घरी बसण्याचे कारण नेहमी माणसाच्या अंगातच असते असेही नाही. रस्ता खड्ड्यांचा असेल, मोटारसायकली सुसाट जात असतील, वाटेत टेकायला जागा नसेल, तर धडधाकट आजोबाही बाहेर पडायला कचरतात. सायखेड्याला तर नदीही आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी सायखेडा आणि चांदोरी या गावांत शिरले. पूर ओसरल्यावर चिखल काढतात, दुकाने उघडतात. पण घसरून पडण्याची धास्ती म्हाताऱ्या माणसाच्या मनातून लवकर जात नाही. त्यात घरचेही मायेने म्हणतात, “बाबा, तुम्ही बसून राहा, काय हवे ते आम्ही आणून देतो.”

हा प्रश्न लहान नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आहे. कमी शालेय शिक्षण हे त्यामागचे एक कारण मानतात.

माणसाचा वावर मोजण्याची एक सोपी रीत अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठात तयार झाली. गेल्या चार आठवड्यांत माणूस कुठवर गेले, ते पाहायचे. झोपायच्या खोलीबाहेर, पण घरातच, १, अंगण किंवा ओटा २, आळी-शेजार ३, उरलेले गाव ४, गावाबाहेर ५. या अंकाला वारंवारतेने गुणायचे: आठवड्यातून एकदाही नाही १, एक ते तीन वेळा २, चार ते सहा वेळा ३, रोज ४. मग पुन्हा गुणायचे: दुसऱ्याच्या मदतीने १, काठीच्या आधाराने १.५, आधाराविना २. पाची गुणाकारांची बेरीज जास्तीत जास्त १२० होते.

आपले आजोबा काठी घेऊन घर, अंगण आणि आळी रोज फिरतात: ६, १२ आणि १८. बाजारापर्यंत आठवड्यातून दोनदा: १२. महिन्यातून एखादे वेळी मुलाच्या गाडीवर नाशिकला: ५. एकूण ५३. आता पुरानंतर ते अंगणापलीकडे एकटे जाईनासे झाले, नाशिकची डॉक्टरांकडची फेरी तेवढी उरली, तर बेरीज २३ वर येते. पाय तेच, काठीही तीच!

तुमच्या घरी हा आकडा काढून पाहा. ही रोगाची तपासणी नव्हे, तेव्हा कोणाला घाबरवू नका. आजीचा आकडा काढायलाही विसरू नका. तो पुष्कळदा आजोबांपेक्षा कमी निघेल, आणि त्याचे कारण गुडघ्यांत सापडेलच असे नाही. मग त्यांच्याबरोबर एकदा त्यांच्या वाटेने जा. दम कुठे लागतो, कोणत्या वळणावर भीती वाटते, सावली कुठे संपते, हे वहीतल्या नकाशावर खुणा करून मांडा. वर्गातील सगळ्यांचे नकाशे शेजारी शेजारी लावले, की एखादा बाक कुठे हवा ते गुरुजींना वेगळे सांगावे लागणार नाही.