२१ महिने विक्रोळीत

विक्रोळी हे मुंबईपासून लांबचं एक खेडं आहे, हे मला वयाच्या चाळिशीत कळलं. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'अवे फ्रॉम होम' सापडलं आणि मग त्याच्या लेखिकेविषयी मिळेल ते वाचत सुटले, तेव्हा. अमेरिकन मजकुरात विक्रोळी बहुतेक वेळा खेडंच असते. त्या खेड्यात माझं सगळं बालपण गेलं होतं, कन्नमवार नगरात. सकाळच्या स्लो लोकलच्या दारात एक पाय टेकायला जागा मिळाली तरी देव पावला असं वाटायचं. १८५३ साली देशातली पहिली आगगाडी ज्या मार्गाने ठाण्याला गेली, तो मार्ग आमच्या स्टेशनातून जातो. खेडं म्हणे!

पुस्तक लिलियन कार्टर यांचं, त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांचं. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या त्या आई. 'पीस कोअर'च्या स्वयंसेविका म्हणून त्या १९६६च्या डिसेंबरात भारतात आल्या आणि १९६८ साली परत गेल्या. मधले २१ महिने त्यांनी विक्रोळीत, गोदरेजच्या वसाहतीत काढले. आल्या तेव्हा त्यांचं वय होतं ६८.

हे वय पुन्हा वाचावं लागतं. पीस कोअर ही केनेडींनी १९६१ साली सुरू केलेली योजना. तिच्यातून जगभर गेलेली मंडळी बहुतांशी कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, विशी-बाविशीतली पोरं. आपल्याकडे ६८व्या वर्षी बाई फार तर चारधामला निघते. लिलियनबाई जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स नावाच्या चिमुकल्या गावातून निघाल्या त्या रात्री उशिरा टीव्हीवर पाहिलेल्या एका जाहिरातीमुळे. वयाची अट नाही, असं त्या जाहिरातीत होतं.

नुसत्या जाहिरातीने मात्र कुणी घर सोडत नाही. त्या शिकलेल्या नर्स. नवरा १९५३ साली गेला, चारही मुलं आपापल्या मार्गाला लागली. पुढची काही वर्षं विद्यापीठातल्या मुलांच्या वसतिगृहवजा घरात त्या 'हाउसमदर' होत्या, मग एक नर्सिंग होम चालवलं. शिवाय गावात त्यांचं पटत नव्हतं. गोऱ्या-काळ्यांची शिवाशीव तिथे कडक होती आणि या बाई ती उघड उघड मोडायच्या. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा करणाऱ्या राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा प्रचार त्यांनी आपल्या भागात केला, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्या गाडीवर राग काढला. १९६६मध्ये थोरला मुलगा जिमी गव्हर्नरपदाच्या शर्यतीत पडला. एकंदरीत घरात बसून राहावं असं काही नव्हतं.

शिकागो विद्यापीठात तीन महिने प्रशिक्षण झालं आणि बाई विक्रोळीला आल्या. सोबत आणखी एक वयस्क स्वयंसेविका होती.

त्या वेळची विक्रोळी डोळ्यांसमोर आणायची तर आजचं सगळं पुसावं लागतं. पिरोजशा गोदरेज यांनी १९४३ साली लिलावात इथली जमीन घेतली, तेव्हा ती टेकड्यांपासून खाडीपर्यंत पसरलेली पडीक जमीन होती. पुढच्या वीस वर्षांत तिथे कारखाने उभे राहिले, कामगारांच्या इमारती झाल्या, १९५५ साली उदयाचल शाळा निघाली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतल्या लाखो मतपेट्या इथे तयार झाल्या. १९५५ साली इथून भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाहेर पडला, १९५८ साली फ्रिज. म्हणजे लिलियनबाई उतरल्या ते देशातल्या अत्यंत आखीव औद्योगिक वसाहतींपैकी एका ठिकाणी. वसाहतीच्या हद्दीबाहेर मात्र झोपड्या होत्या, आणि कारखान्यात नाव नसलेली माणसं होती. खेडं आणि शहर यांच्यापेक्षा हद्दीच्या आत आणि हद्दीच्या बाहेर, हाच इथला खरा फरक. बाईंच्या लक्षात तो हळूहळू आला असावा.

इथे जरा वाट सोडून सांगायला हवं. विक्रोळीच्या मागच्या टेकड्या ओलांडल्या की पवई. तिथली आयआयटी १९५८ साली सुरू झाली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर. यंत्रं रशियन, तज्ज्ञही रशियन. टेकडीच्या एका अंगाला मॉस्कोची मदत, दुसऱ्या अंगाला वॉशिंग्टनची. मॉस्कोने यंत्रं दिली आणि वॉशिंग्टनने एक आजी पाठवली, असं म्हणायचा मोह होतो. पण हे तितकं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. बिहारात १९६६ साली दुष्काळ होता आणि देश अमेरिकन गव्हाच्या जहाजांची वाट पाहत होता. त्याच वर्षीच्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन होऊन डॉलर ४.७६वरून ७.५० रुपयांवर गेला होता. अशा वेळी मदत करायला आलेल्या अमेरिकन माणसाकडे लोक नुसत्या कौतुकाने पाहत नसतात. त्यात त्याच १९ जूनला मुंबईत शिवसेना स्थापन झाली होती. बाहेरून आलेल्यांनी या शहरात किती जागा घ्यावी, हा वाद ऐन भरात होता. अर्थात तो लिलियनबाईंबद्दल नव्हता. गोऱ्या पाहुण्यांना आपण त्या यादीत कधी धरलंच नाही.

लिलियनबाईंना काम मिळालं ते कुटुंबनियोजनाचं. कामगारांना आणि त्यांच्या बायकांना भेटायचं, मुलं कमी होऊ द्या म्हणून समजावायचं, पुरुषांना नसबंदीला तयार करायचं. १९६६ साली केंद्रात कुटुंबनियोजनाचं स्वतंत्र खातं झालं होतं, गर्भाशयात बसवायच्या लूपचा बोलबाला होता. मुंबई महापालिकेतले डॉ. डी. एन. पै तर १९६७पासून रेल्वे स्टेशनांवरच नसबंदीची केंद्रं चालवू लागले. गाडी यायच्या आधी शस्त्रक्रिया उरकून घ्या, असाच तो जवळपास मामला.

मराठी वाचकाला इथे र. धों. कर्वे आठवणारच. मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र उघडलं ते १९२१ साली, आणि त्यापायी पुढे विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. 'समाजस्वास्थ्य' निघालं १९२७मध्ये. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आपला माणूस ४५ वर्षं आधी वाळीत पडला, तीच गोष्ट समजावायला जॉर्जियातल्या एका बाप्टिस्ट आजीला समुद्र ओलांडून यावं लागलं. विनोद आहे, पण कुणावर ते नक्की सांगता येत नाही.

हे काम बाईंच्या पचनी पडलं नाही. मला त्यात नवल वाटत नाही. परक्या देशात, दुभाष्या मध्ये उभा करून, अनोळखी कामगाराला किंवा फिटरला त्याच्या शेजघरातल्या गोष्टी विचारायच्या, हे कुठल्याही सभ्य माणसाला अवघडच वाटेल. आणि समोरचा माणूस मान डोलावतो तेव्हा त्याला पटलंय, की साहेबांच्या वसाहतीत राहतोय म्हणून तो डोलावतोय, हे कसं कळायचं? पत्रांतून दिसणारे सुरुवातीचे महिने एकटेपणाचे आहेत. पैसे बेताचे, जेवण अंगी लागत नाही, घरची पत्रं वेळेवर येत नाहीत. अजून एक बारीक अडचण: बाईंना संध्याकाळी थोडी व्हिस्की आवडायची आणि मुंबईत दारूबंदी होती.

त्यांचं बस्तान बसलं ते नेमून दिलेल्या कामामुळे नाही, ते सोडल्यामुळे. वसाहतीचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरांकडे त्या आपलं काम आटोपून जाऊ लागल्या आणि मग पूर्ण वेळ तिथल्याच झाल्या. इंजेक्शन द्यायचं, जखम धुवायची, पट्टी बांधायची. या कामाला दुभाष्या लागत नाही. 'कुठं दुखतंय' हे विचारायला चार शब्द पुरतात आणि उत्तर रुग्णाच्या बोटात असतं. परदेशी स्वयंसेवकांच्या बाबतीत आपण भाषा, हवा, तिखट यांची चर्चा फार करतो. मला वाटतं, माणूस नव्या गावात रुळतो तो आपल्या हाताला येणारं काम सापडलं की. विशीतल्या पोरांकडे उत्साह असतो, पण हातात अजून काही आलेलं नसतं. या बाईंच्या हातात चाळीस वर्षांपूर्वी शिकलेली विद्या होती. वय ही त्यांची अडचण होती, तसंच ते त्यांचं भांडवलही होतं.

पण ज्या प्रसंगामुळे विक्रोळी अमेरिकन वाचकांच्या लक्षात राहिली, तो वेगळा. दवाखान्यात कुष्ठरोग झालेली एक लहान मुलगी आली. बाई नर्स होत्या, पण तोवर कुष्ठरोगी त्यांनी पाहिलेला नव्हता. त्या घाबरल्या. पहिल्या दिवशी तिला हात लावून झाल्यावर स्वतःला पुन्हा पुन्हा घासून धुतलं, आणि पुढे, किती दिवसांनी कोण जाणे, त्याच मुलीला त्यांनी जवळ घेऊन तिचा मुका घेतला. जिमी कार्टर यांनी यावर एक कविता लिहिली आहे. १९९५च्या त्यांच्या संग्रहात ती आहे.

आपल्याकडे वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन तेव्हा उभं होतं आणि वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय तर एकोणिसाव्या शतकापासून. तरी घरोघरी महारोग म्हटलं की माणसं दोन पावलं मागेच सरायची. बाई घाबरल्या यात परकेपणाचा काही भाग नव्हता. तितकं तर आम्हीही घाबरत होतो. मला या गोष्टीत तो मुका फारसा महत्त्वाचा वाटत नाही, आधीचं घासून धुणं वाटतं. ते त्यांनी लपवलं नाही. सेवेला आलेली माणसं सहसा आपली किळस घरच्या पत्रात लिहीत नाहीत.

दुसरी गोष्ट माळ्याच्या मुलीची. वसाहतीतला माळी बाईंना भाजी, फुलं आणून देई. द्यायला पैसे नाहीत म्हणून बाई त्याच्या मुलीला शिकवू लागल्या. ती मुलगी पुढे पुष्कळ शिकली, असं कार्टर नंतर अनेकदा सांगत. भाजीच्या बदल्यात शिकवणी, हा व्यवहार मला फार आवडतो. त्यात उपकार नाहीत, रोखठोक देवघेव आहे. आणि आपल्या लोकांत एखादा माणूस घरचा होतो तो अशाच देवघेवीतून. नुसतं देणारा माणूस शेवटपर्यंत पाहुणा राहतो.

बाईंचा वाढदिवस १५ ऑगस्टला. विक्रोळीत त्यांनी असे दोन वाढदिवस पाहिले. साऱ्या देशाला सुट्टी, शाळाशाळांत झेंडावंदन. हा योगायोग अमेरिकेत सांगून कुणाला कळणार! १९६८च्या १५ ऑगस्टला, सत्तरी पूर्ण झाली त्या दिवशी, त्यांनी मुलांना लिहिलेलं पत्र त्यांच्या पत्रांतलं सर्वांत गाजलेलं. आयुष्य कशाला म्हणतात ते मला या दूरच्या कोपऱ्यात कळलं, असा त्याचा भाव. पत्र मनापासूनचं आहे, पण 'दूरचा कोपरा' वाचला की माझं विक्रोळीकर मन अजूनही चिडतं. व्हीटीवरून स्लो गाडीने पाऊण तास, बाई! मग लक्षात येतं की त्या अंतर प्लेन्सपासून मोजत होत्या. आम्हीही परदेशात नोकरीला गेलेल्या भाचीला 'कुठे लांब जाऊन पडली' असंच म्हणतो, आणि ती पडलेली असते न्यू जर्सीच्या भर बाजारपेठेत.

काही आठवड्यांनी त्या परत गेल्या. वजन बरंच घटलेलं, हडकुळ्या झालेल्या. जवळच्या बऱ्याचशा वस्तू इथेच वाटून टाकल्या होत्या.

एक गोष्ट खटकते ती सांगितलीच पाहिजे. या २१ महिन्यांचं जे काही आपल्याला माहीत आहे ते एकाच बाजूने. पत्रं बाईंची, आणि ती छापली गेली १९७७ साली, मुलगी ग्लोरिया हिच्या हाताखालून, मुलगा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर. मुलगा भुईमुगाचा शेतकरीच राहिला असता तर ती पत्रं प्लेन्समधल्या एखाद्या ट्रंकेत पिवळी पडली असती. दवाखान्यात रांगेला उभ्या असलेल्या बायकांनी या पांढऱ्या केसांच्या परदेशी नर्सविषयी संध्याकाळी चुलीपाशी काय बोलणं केलं असेल, याची एक ओळही कुठे नाही. आमच्या इमारतीतले जुने कामगार आता थकून कोकणात, घाटावर गेले. लहानपणी मी कधी विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे हेच माहीत नव्हतं.

१९७७च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद वारले. कार्टर यांना सत्तेवर येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. अंत्यसंस्काराला अमेरिकेच्या वतीने त्यांनी आईला पाठवलं, आणि दिल्लीचं काम आटोपून बाई विक्रोळीला आल्या. आता सोबत सरकारी लवाजमा, मोटारींचा ताफा, बघायला ही गर्दी. ९ वर्षांपूर्वी भाजीला पैसे नव्हते त्याच वसाहतीत. दवाखाना तिथेच होता.

पुढल्या वर्षी, १९७८च्या जानेवारीत, कार्टर स्वतः भारतात आले आणि हरियाणातलं दौलतपूर नसीराबाद पाहायला गेले. लिलियनबाई पूर्वी आमच्याकडेही येऊन गेल्या होत्या, असं तिथले गावकरी सांगतात. कार्टर आले म्हणून त्या गावाने नाव बदलून कार्टरपुरी केलं. २००६ साली तर ते लोणावळ्याजवळ पाटण गावी स्वयंसेवकांची फौज घेऊन शंभर घरं बांधायला आले. वय ८२, हातात हातोडा. आईचंच वळण.

विक्रोळीने काही नाव बदललं नाही. तसं सुचवलं असतं तरी स्टेशनच्या पाटीपाशी उभ्या असलेल्या आमच्या लोकांनी पहिल्यांदा एवढंच विचारलं असतं, की मग फास्ट थांबेल का.