दयेचा अर्ज फेटाळल्यानंतर न्यायालय काय तपासते? कलबुर्गीच्या एका प्रकरणाचा अर्थ

गुन्हा सिद्ध झाला, अपील फेटाळले गेले, राष्ट्रपतींनी दयाही नाकारली. त्यानंतर कायद्याचे दार कायमचे बंद होते काय? कर्नाटकच्या सीमाभागातील, तत्कालीन गुलबर्गा जिल्ह्यातील एका प्रकरणाने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. ते दिलासा देणारे आहे, तसेच अस्वस्थ करणारेही.

पहिल्या पत्नीच्या खुनाबद्दल जन्मठेप झालेल्या या कैद्याने 1994 मध्ये पॅरोलवर असताना दुसरी पत्नी व मुलगी यांचा खून केला. अशा कैद्याला फाशीच द्यावी, असे भारतीय दंड संहितेचे कलम 303 सांगत असे. सर्वोच्च न्यायालयाने ‘मिठू’ प्रकरणात 1983 मध्येच ते घटनाबाह्य ठरवले होते. तरीही जन्मठेप भोगणाऱ्याला पुन्हा जन्मठेप देण्यात अर्थ नाही, अशा विचाराने 2005 मध्ये त्याची फाशी कायम झाली. रद्द झालेले कलम मागच्या दाराने परत आले, अशी टीका या निकालावर झाली.

राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज जानेवारी 2013 मध्ये फेटाळला. या नकारालाच उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. 2023 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने अर्जाच्या निर्णयास झालेल्या विलंबामुळे फाशीचे रूपांतर जन्मठेपेत केले. दोषसिद्धी मात्र अबाधित राहिली.

हा फरक समजून घेणे आवश्यक आहे. राष्ट्रपती पुरावा नव्याने तपासून न्यायालयापेक्षा वेगळा निष्कर्ष काढू शकतात, असे ‘केहर सिंग’ प्रकरणात 1988 मध्ये स्पष्ट झाले. त्यांच्या निर्णयाच्या गुणदोषांत मात्र न्यायालय शिरत नाही. निर्णय विचारपूर्वक झाला काय, महत्त्वाची कागदपत्रे डावलली गेली काय, अवाजवी विलंब झाला काय, एवढेच तपासले जाते. ‘शत्रुघ्न चौहान’ निकालाने 2014 मध्ये असा विलंब हे शिक्षा सौम्य करण्याचे कारण मानले. म्हणूनच कलबुर्गीच्या कैद्याचा जीव वाचला तो शिक्षेवरील टीकेमुळे नव्हे, तर विलंबामुळे.

दोषसिद्धीच पुन्हा तपासायची असेल, तर मार्ग वेगळा आहे. महाराष्ट्रातील जालना जिल्ह्यात 2003 मध्ये घडलेल्या गुन्ह्यात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सहा जणांना फाशी सुनावली आणि पुढे फेरविचारही नाकारला. फाशीच्या प्रकरणांतील फेरविचार याचिका खुल्या न्यायालयात ऐकावी, असा निर्णय 2014 मध्ये झाला. त्यानंतर तो नकार मागे घेतला गेला आणि 5 मार्च 2019 रोजी सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला झाला. तुरुंगातील वर्षे मात्र परत मिळाली नाहीत.

बिदर व कलबुर्गीच्या नागरिकांसाठी उच्च न्यायालयाचे कलबुर्गी खंडपीठ आहे, गोमंतकीयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे गोवा खंडपीठ. अनुच्छेद 226 दोन्हीकडे सारखाच लागू आहे. दया नाकारल्याचे कैद्याला लेखी कळवणे, त्याला मोफत कायदेशीर साहाय्य देणे आणि फाशीपूर्वी किमान 14 दिवसांची मुदत ठेवणे 2014 पासून बंधनकारक आहे. हे नियम पाळले गेले, तरच उरलेले अरुंद दार वेळेत ठोठावता येते.