थंडीत गाडीला पेट्रोलचा वास येतो तेव्हा

आज बचतीचा हिशोब नाही, कर्जाचा हप्ता नाही. आज बोलूया गाडीबद्दल. आपल्यापैकी बऱ्याच गटांचा माल जुन्या गाडीतून बाजाराला जातो. गाडी गटाची असते, नाहीतर कुणाच्या तरी घरची. थंडी पडली की त्या गाडीत बसल्या बसल्या एकजण म्हणते, "अगं, पेट्रोलचा वास येतोय का?" आणि दुसरी म्हणते, "जुनी गाडी आहे, येणारच!" हे "येणारच" किती महागात पडू शकतं, ते सांगते.

आमचा भाग निफाडचा. द्राक्षाचा, आणि कडाक्याच्या थंडीचाही. आमच्या गटाची जुनी पेट्रोलची व्हॅन आहे, इंजिन पुढच्या सीटखाली. गेल्या हिवाळ्यात एका पहाटे आम्ही बेदाणे आणि पापडांची खोकी भरली. गाडी सुरू केली, काचा वर घेतल्या. वास होताच. गाडी चालवणाऱ्या ताईंनी रोजच्यासारखी गणपतीपुढे अगरबत्ती लावायला काडेपेटी काढली. तेवढ्यात मागून मावशी ओरडल्या, "अगं थांब! काडी ओढू नको!"

त्या सीटखाली तेव्हा पेट्रोल गळत होतं, हे आम्हाला चार दिवसांनी कळलं.

आता थंडीतच वास का येतो, ते समजून घेऊ. पेट्रोल जळायला आधी त्याची वाफ व्हावी लागते. थंडीत ती कमी होते. म्हणून गार इंजिन सुरू होताना त्याला जास्त पेट्रोल लागतं. जुन्या गाडीत आपण चोक ओढतो, नंतरच्या गाड्यांत ते आपोआप होतं. त्यातलं थोडं न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतं. म्हणून सुरुवातीला मिनिटभर गाडीच्या मागच्या बाजूला वास आला आणि गेला, तर घाबरू नका. चोक परत आत ढकलायला विसरलो, तर मात्र वास राहतो आणि धूरही काळा येतो.

दुसरं कारण काळजीचं. टाकीपासून इंजिनपर्यंत पेट्रोल नेणारे काही पाइप रबराचे असतात. रबर जुनं झालं की कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात. थंडीत ते आणखी कडक होतं, आकसतं, आणि क्लिपची पकड ढिली पडते. तिथून पेट्रोल झिरपतं. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालली, इंजिन तापलं, की रबर नरम होऊन फुगतं आणि गळती थांबते. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांच्या काही रबरी भागांना ते मानवत नाही.

आमची फजिती इथेच झाली. आम्ही दोनदा गॅरेजला गेलो. गॅरेज सात-आठ किलोमीटरवर. पोहोचेपर्यंत इंजिन गरम, गळती बंद. मेकॅनिक दादा म्हणाले, "ताई, सगळं कोरडं आहे." त्यांचंही खरं होतं.

मग आम्ही काय केलं? रात्री गाडी मोकळ्या अंगणात लावली आणि खाली मोठा पुठ्ठा पसरला. सकाळी पाहिलं तर पुठ्ठा कोरडा. गाडी दोनच मिनिटं सुरू ठेवून बंद केली. पुन्हा पाहिलं तर पुढच्या सीटच्या बरोबर खाली तळहाताएवढा ओला डाग! वास घेतला, पेट्रोलच. मग गाडीला हात लावला नाही. मेकॅनिक दादांनाच सकाळी लवकर बोलावलं. गार इंजिनवर त्यांना पाच मिनिटांत सापडलं. इंजिनकडे येणाऱ्या पाइपाला टोकाशी चीर होती. नवा पाइप, नव्या क्लिपा आणि मजुरी धरून खर्च काही शे रुपये.

म्हणून मैत्रिणींनो, गॅरेजला जाण्याआधी चार गोष्टी पाहून ठेवा. वास कधी येतो: गाडी बंद असताना, सुरू करताना, की चालताना? कुठे येतो: पुढे, मागे, की आत? पेट्रोल भरल्यावरच येतो का? तसं असेल तर टाकीच्या झाकणाचं रबर पाहा. टाकी गळ्यापर्यंत भरू नका. पहाटे भरलेलं गार पेट्रोल दुपारच्या उन्हात फुगून बाहेर येतं. आणि चौथी गोष्ट म्हणजे पुठ्ठ्यावरचा डाग. पुढे असेल तर इंजिनकडे पाहायचं, मागे असेल तर टाकीकडे. डाग लगेच पाहा, पेट्रोल पटकन उडून जातं. हे सगळं वहीत लिहा आणि मेकॅनिकला सांगा, "दादा, गाडी गार असतानाच बघा."

आता जिवाची गोष्ट. थंडी आहे म्हणून पेट्रोल पेटणार नाही, असं समजू नका. उणे ४० अंशांच्या आसपासही त्याच्या वाफेला ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत जाते आणि लांबच्या शेकोटीपर्यंत पोहोचते. म्हणून गाडीजवळ शेकोटी, चूल, विडी, अगरबत्ती काहीही नको. काडी लावून किंवा कंदील धरून खाली वाकून बघू नका, बॅटरीच घ्या. थेंब गळताना दिसला तर गाडी सुरू करू नका. मुलांना लांब न्या आणि सांडलेल्या पेट्रोलवर माती टाका. चालत्या गाडीत वास आला तर काचा उघडा, गाडी बाजूला घेऊन बंद करा आणि सगळ्यांना उतरवा. त्या वाफेने डोकं दुखतं, मळमळतं. लेकरं आणि गरोदर बाई गाडीत असेल तर जास्तच सांभाळा. पाइपाला चिकटपट्टी किंवा साबण लावून वेळ मारून नेऊ नका. पाण्याची नळीही चालत नाही, पेट्रोलसाठीचाच पाइप घ्या. आणि दार लावलेल्या शेडमध्ये गाडी गरम करत ठेवू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला वासच नसतो.

आमच्या ताई अजूनही गणपतीला अगरबत्ती लावतात. पण आता घरातल्या देव्हाऱ्यात लावतात आणि मग गाडीची किल्ली घेतात. व्हॅनमध्ये फक्त फूल असतं. आणि मावशींना आम्ही मागून उचलून पुढच्या सीटवर बसवलंय. त्यांचं नाक हेच आमचं मीटर!

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत गाडीचा हा विषय नक्की घ्या. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.